एसक्यूएलअल्केमीत डेटाबेस बॅकएंड नीट सुरू कसा करावा

पायथनमध्ये लिहिलेल्या अनेक प्रोग्रॅममध्ये डेटाबेस सुरू करण्याचे काम एका ओळीत उरकलेले असते आणि ती ओळ ज्या फाइलमध्ये पहिल्यांदा लिहिली गेली, तिथेच वर्षानुवर्षे पडून राहते. प्रोग्रॅम लहान असेपर्यंत त्याने काही बिघडत नाही. परंतु तोच प्रोग्रॅम लॅपटॉपवरून सर्व्हरवर गेला, एकाऐवजी आठ प्रक्रिया (एकाच प्रोग्रॅमच्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रती) चालू लागल्या किंवा एसक्यूलाइट या डेटाबेसच्या जागी पोस्टग्रेस आला, की त्या ओळीत न घेतलेले निर्णय एकेक करून समोर येतात आणि तेही सहसा ऐन गर्दीच्या वेळी. बॅकएंड, म्हणजे प्रोग्रॅममागचा डेटाबेस, एकाच ठिकाणी सुरू करावा, प्रत्येक प्रक्रियेत एकदाच सुरू करावा आणि काही चुकले असेल तर पहिल्या वापरकर्त्याची विनंती येण्यापूर्वीच ते उघड व्हावे, अशी त्याची रचना कशी करता येईल ते येथे मांडले आहे.

उदाहरणासाठी दादरमधील एका मराठी वाचनालयाची देवघेव सांभाळणारा प्रोग्रॅम डोळ्यांसमोर ठेवू. सभासद, त्यांची अनामत व वर्गणी, पुस्तकांचे दाखल क्रमांक, नेलेली व परत आलेली पुस्तके आणि विलंब शुल्क एवढीच त्याची माहिती आहे. मुख्य कार्यालयात पोस्टग्रेस आहे, ग्रंथप्रदर्शनाला नेण्याच्या लॅपटॉपवर एसक्यूलाइट आहे आणि संकेतस्थळाच्या होस्टिंगवर मायएसक्यूएल मिळालेले आहे. तिन्ही ठिकाणी एकच पायथन प्रोग्रॅम चालवायचा असल्यामुळे एसक्यूएलअल्केमी ही वेगवेगळ्या डेटाबेसांशी एकाच पद्धतीने बोलू देणारी लायब्ररी निवडली आहे. मायकेल बायर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या लायब्ररीची २.० ही आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये आली आणि पुढील सर्व विवेचन त्याच आवृत्तीला धरून आहे. फंक्शनांची व पर्यायांची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रोग्रॅममध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहावीत.

पत्ता, ड्रायव्हर आणि पासवर्ड

बॅकएंड कोणता हे एसक्यूएलअल्केमीला एका पत्त्यावरून, म्हणजे यूआरएलवरून कळते. या पत्त्यात आधी बॅकएंडचे नाव, मग अधिकचे चिन्ह आणि ड्रायव्हरचे नाव, त्यानंतर वापरकर्ता, पासवर्ड, सर्व्हर, पोर्ट आणि शेवटी डेटाबेसचे नाव असते. ड्रायव्हर, म्हणजे त्या डेटाबेसशी प्रत्यक्ष बोलणारे मॉड्यूल, एसक्यूएलअल्केमीबरोबर येत नाही. तो वेगळा बसवावा लागतो. एसक्यूलाइटचा ड्रायव्हर तेवढा पायथनमध्येच असतो. पोस्टग्रेससाठी ड्रायव्हरचे नाव न दिल्यास सायकोपीजी२ आणि मायएसक्यूएलसाठी मायएसक्यूएलक्लायंट गृहीत धरला जातो, म्हणून पायमायएसक्यूएल हा दुसरा ड्रायव्हर बसवून पत्त्यात नुसते मायएसक्यूएल लिहिले तर मॉड्यूल सापडत नसल्याची चूक येते. ड्रायव्हरचे नाव नेहमी स्पष्ट लिहावे, असा माझा आग्रह आहे. गृहीत धरलेला ड्रायव्हर ही यंत्र बदलले की हमखास सापडणारी अडचण आहे.

जुन्या प्रोग्रॅममधून पत्ता उचलताना आणखी एक गोष्ट पाहावी. पत्त्याच्या सुरुवातीला पोस्टग्रेस एवढेच लिहिण्याची सोय १.४ या आवृत्तीपासून काढून टाकली आहे. तिथे पूर्ण पोस्टग्रेसक्यूएल असे लिहिणे बंधनकारक आहे. काही होस्टिंग सेवा अजूनही जुन्या स्वरूपाचा पत्ता हाती देतात, त्यामुळे तो वाचल्यावर लगेच दुरुस्त करणारी एक ओळ सुरुवातीच्या फंक्शनमध्ये ठेवणे शहाणपणाचे ठरते.

पत्ता अक्षरे जोडून तयार करू नये. पासवर्डमध्ये ॲटचे चिन्ह, तिरपी रेघ किंवा टक्केचिन्ह आले तर पत्त्याचे तुकडे भलत्याच जागी पडतात. ॲटच्या जागी टक्केचिन्ह आणि ४० असे लिहून हे टाळता येते, पण त्याहून बरा मार्ग म्हणजे यूआरएल या वर्गाचे क्रिएट हे फंक्शन वापरून प्रत्येक भाग वेगळा द्यावा. तिथे पासवर्ड आहे तसा देता येतो. पासवर्ड प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्रॅमबाहेर ठेवलेल्या सेटिंगमधून, वाचावा. सुरू होताना कोणत्या डेटाबेसशी जोडले जात आहोत याची नोंद लॉगमध्ये अवश्य करावी आणि ती करताना रेंडर_ॲज_स्ट्रिंग हे फंक्शन वापरावे, म्हणजे पासवर्डच्या जागी तारकाचिन्हे उमटतात. लॉगमधील ही एक ओळ पुढे पुष्कळ वेळ वाचवते.

इंजिन तयार झाले म्हणजे जोडणी झाली असे नाही

क्रिएट_इंजिन हे फंक्शन पत्ता वाचते, ड्रायव्हर आयात करते आणि इंजिन नावाची वस्तू हातात देते. मात्र त्या क्षणी ते डेटाबेसशी काहीही बोलत नाही. खरी जोडणी पहिल्यांदा कनेक्ट म्हटले जाते तेव्हा होते. यामुळे चुका दोन वेगवेगळ्या वेळी दिसतात. पत्त्याची मांडणी चुकली, बॅकएंडचे नाव चुकले किंवा ड्रायव्हर नसला तर इंजिन तयार करतानाच प्रोग्रॅम थांबतो. पासवर्ड चुकला, सर्व्हर बंद असला किंवा डेटाबेसच अस्तित्वात नसला तर प्रोग्रॅम सुरळीत सुरू झाल्यासारखा दिसतो आणि देवघेवीच्या खिडकीशी पहिला सभासद पुस्तक घेऊन आला की त्याच्यासमोर चूक उभी राहते.

यावर उपाय सोपा आहे. सुरुवातीच्या फंक्शनमध्येच इंजिन तयार झाल्यावर लगेच एक जोडणी घ्यावी आणि तिच्यावरून सिलेक्ट १ ही क्वेरी चालवावी. २.० आवृत्तीत नुसती अक्षरे चालवता येत नाहीत, ती टेक्स्ट या फंक्शनमध्ये गुंडाळावी लागतात. एवढ्यावरही थांबू नये. अपेक्षित टेबले आहेत का, त्यांची आवृत्ती प्रोग्रॅमला हवी तीच आहे का, हेही याच वेळी तपासावे. सर्व्हर जिवंत असणे आणि डेटाबेस वापरण्याजोगा असणे या निराळ्या गोष्टी आहेत.

हे सगळे काम मॉड्यूल आयात होताना करू नये. सभासदांच्या नोंदींचे मॉड्यूल नुसते आयात केले आणि त्यासरशी जोडणीचा प्रयत्न झाला, तर चाचण्या, मदतनीस स्क्रिप्ट आणि दस्तऐवज तयार करणारी साधने या सगळ्यांना विनाकारण डेटाबेस लागू लागतो. त्याऐवजी बॅकएंड सुरू करणारे एक स्वतंत्र फंक्शन असावे. ते पत्ता घेते, इंजिन तयार करते, तपासणी करते आणि इंजिन परत देते. प्रोग्रॅमच्या प्रवेशद्वारातून ते एकदाच बोलवावे आणि मिळालेले इंजिन पुढे सर्वांना द्यावे. प्रत्येक विनंतीला नवे इंजिन तयार करणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. तसे केल्यास प्रत्येक इंजिनाबरोबर एक नवा पूल, म्हणजे उघड्या जोडण्यांचा साठा, जन्माला येतो आणि जुन्या जोडण्या सोडल्या जाण्याची वाट पाहत अडकून राहतात.

एसक्यूलाइट: सोपा, म्हणून फसवा

एसक्यूलाइटला सर्व्हर नसतो, फक्त एक फाइल असते. पत्त्यात तीन तिरप्या रेघा दिल्या तर मार्ग चालू फोल्डरपासून मोजला जातो; लिनक्सवर पूर्ण मार्ग द्यायचा असेल तर चार रेघा लागतात. चालू फोल्डर कोणता, हे प्रोग्रॅम कुठून सुरू केला यावर अवलंबून असते, म्हणून हाताने चालवताना व्यवस्थित चालणारा प्रोग्रॅम क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालवला की टेबलच नाही अशी तक्रार करतो. याचे कारण असे की, दिलेल्या जागी फाइल नसेल तर एसक्यूलाइट चूक न दाखवता नवी रिकामी फाइल तयार करतो. त्यामुळे मार्ग नेहमी पूर्ण द्यावा आणि जिथे डेटाबेस आधीपासून असणे अपेक्षित आहे, तिथे फाइल आहे की नाही हे इंजिन तयार करण्यापूर्वी पायथनमधून तपासावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. फॉरेन की, म्हणजे एका टेबलातील नोंदीचा दुसऱ्या टेबलातील नोंदीशी असलेला संबंध, एसक्यूलाइट आपणहून पाळत नाही. तो पाळावा असे प्राग्मा या आदेशाने सांगावे लागते आणि ही सूचना फाइलमध्ये साठत नाही; ती प्रत्येक जोडणीला नव्याने द्यावी लागते. ती दिली नाही तर सभासदाची नोंद पुसली जाते आणि त्याच्या नावावरची पुस्तके तशीच राहतात, कोणाकडे आहेत ते मात्र कोणालाच सांगता येत नाही. एसक्यूएलअल्केमीत इंजिनाच्या कनेक्ट या घटनेला (इव्हेंटला) एक छोटे फंक्शन जोडून ठेवता येते. प्रत्येक नवी जोडणी उघडली की ते चालते आणि त्यात ही सूचना द्यावी. बॅकएंड सुरू करणाऱ्या फंक्शनमध्ये हे जोडकाम असलेच पाहिजे, याबद्दल मला तडजोड मान्य नाही.

त्याच घटनेत वॉल (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची) पद्धतीही चालू करता येते. २०१० च्या ३.७.० आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या या पद्धतीत एकजण लिहीत असताना इतरांना वाचता येते. ही निवड फाइलमध्ये टिकून राहते, परंतु फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये असेल तर ही पद्धत वापरू नये, कारण तिला सर्व प्रक्रिया एकाच यंत्रावर असणे आवश्यक असते. लिहिणारा मात्र एका वेळी एकच असतो. पायथनचा ड्रायव्हर कुलूप सुटण्याची ५ सेकंद वाट पाहतो आणि मग डेटाबेस बंद कुलपात असल्याची चूक देतो. प्रदर्शनाच्या टेबलावर एकच लॅपटॉप असेल तर ५ सेकंद पुरेसे आहेत. दोन प्रक्रिया लिहीत असतील तर ही मुदत वाढवावी.

पोस्टग्रेस: डेटाबेस जन्माला येतानाच घ्यायचे निर्णय

पोस्टग्रेसमध्ये काही गोष्टी डेटाबेस तयार करतानाच ठरतात. अक्षरसंचाचे एन्कोडिंग नंतर बदलता येत नाही, म्हणून ते यूटीएफ-८ आहे याची खात्री आधीच करावी. सर्व्हरचे मूळ एन्कोडिंग वेगळे असेल तर टेम्प्लेट० या साच्यातून डेटाबेस तयार करावा लागतो.

मराठी वाचनालयाला क्रमवारीचा प्रश्न टाळता येणार नाही. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल आणि व यांच्यामध्ये बसवलेले आहे, तर मराठी वर्णमालेत ते ह नंतर येते. केवळ संकेतांकानुसार लावलेल्या यादीत कळ हा शब्द कवचच्या आधी येतो आणि कोशात शब्द शोधण्याची सवय असलेल्या वाचकाला तो चुकीच्या जागी दिसतो. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीवर आधारित क्रमवारी उपलब्ध आहे आणि तिच्यात मराठीचा नियम आहे. पुस्तकाचे शीर्षक, लेखक आणि सभासदाचे आडनाव या स्तंभांना टेबल परिभाषित करतानाच कोलेशन या पर्यायातून तो नियम लावावा. एसक्यूलाइटमध्ये असा नियम आधीपासून नसतो. तिथे वर सांगितलेल्या कनेक्ट घटनेतच स्वतः लिहिलेले तुलनेचे फंक्शन जोडणीला नोंदवून द्यावे लागते. बॅकएंड बदलला की यादीचा क्रमही बदलतो, ही गोष्ट चाचणीत सहज निसटते.

परवानग्यांबाबत २०२२ मध्ये आलेल्या पंधराव्या आवृत्तीने एक महत्त्वाचा बदल केला. पब्लिक या स्कीमामध्ये, म्हणजे टेबलांच्या गटात, टेबले तयार करण्याची सर्वांना असलेली मुभा नव्याने तयार केलेल्या डेटाबेसमध्ये आता नसते. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिका वाचून वापरकर्ता तयार केला, त्याला डेटाबेसवर सर्व अधिकार दिले, तरी पहिले टेबल तयार करताना परवानगी नाकारली जाते. सर्वांना पुन्हा मुभा देऊन टाकणे हा यावरचा बरा उपाय नव्हे. टेबले तयार करणारा एक वापरकर्ता आणि रोजच्या देवघेवीसाठी केवळ वाचन-लेखनाचा अधिकार असलेला दुसरा वापरकर्ता, अशी विभागणी करावी आणि रोजचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्याच नावाने सुरू करावा.

कालविभागही सुरुवातीलाच ठरवावा. सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर मुंबईत मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या दृष्टीने आदलीच तारीख चालू असते. रात्री साडेबाराला थकबाकी मोजणारे काम ठेवले असेल तर त्याला आजची म्हणून कालची तारीख मिळते आणि विलंब शुल्क एका दिवसाने चुकते. वेळा कालविभागासह साठवाव्यात आणि जोडणी उघडतानाच तिचा कालविभाग आशिया/कोलकाता असा निश्चित करावा.

मायएसक्यूएल: अक्षरसंच आणि सकाळची पहिली विनंती

मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८ या नावाने दिसणारा जुना अक्षरसंच एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरी अक्षरे ३ बाइटांत मावतात, त्यामुळे मराठी मजकूर व्यवस्थित साठतो आणि सारे ठीक आहे असे वाटते. मग एखादा सभासद अभिप्रायात इमोजी टाकतो, ज्याला ४ बाइट लागतात, आणि नोंद अडते. यूटीएफ८एमबी४ हा अक्षरसंच डेटाबेससाठीही ठरवावा आणि पत्त्याच्या शेवटी कॅरसेट या पर्यायातही लिहावा. मायएसक्यूएल ८.० मध्ये तो मुळातच गृहीत धरलेला आहे, पण जुन्या होस्टिंगवर तसे असेलच असे मानू नये.

स्वस्थ बसलेली जोडणी मायएसक्यूएल २८,८०० सेकंदांनी, म्हणजे ८ तासांनी, आपणहून तोडतो. वाचनालय रात्री साडेआठला बंद होऊन सकाळी साडेआठला उघडत असेल तर मधल्या १२ तासांत पुलातील सर्व जोडण्या मेलेल्या असतात आणि पुलाला त्याचा पत्ता नसतो. सकाळची पहिली विनंती सर्व्हर निघून गेल्याच्या चुकीने अडते, दुसऱ्यांदा प्रयत्न केला की काम होते, आणि दिवसभर तक्रार नसल्यामुळे मूळ कारणाचा शोध कोणी घेत नाही. इंजिन तयार करताना पूल_प्री_पिंग चालू ठेवला तर प्रत्येक जोडणी वापरायला देण्यापूर्वी ती जिवंत आहे का हे पाहिले जाते आणि मेलेली असेल तर नवी उघडली जाते. याच्या जोडीला पूल_रीसायकल हा पर्याय सर्व्हरच्या मुदतीपेक्षा कमी सेकंदांचा ठेवावा. होस्टिंगवर ही मुदत ८ तासांहून बरीच कमी केलेली असू शकते, म्हणून सर्व्हरला वेट_टाइमआउट विचारून मगच आकडा ठरवावा.

पुलाचा हिशेब

सर्व्हर असलेल्या बॅकएंडसाठी एसक्यूएलअल्केमी प्रत्येक इंजिनामागे ५ जोडण्यांचा पूल ठेवते आणि गरज पडल्यास आणखी १० उघडते. त्याही कमी पडल्या तर ३० सेकंद वाट पाहून चूक देते. पोस्टग्रेस मुळात १०० जोडण्या स्वीकारतो, त्यांपैकी ३ सुपरयूजरसाठी राखीव असतात आणि प्रत्येक जोडणीसाठी सर्व्हरवर एक वेगळी प्रक्रिया चालते. वेब सर्व्हरच्या ८ प्रक्रिया असतील तर १५ गुणिले ८ म्हणजे १२० जोडण्यांपर्यंत मागणी जाऊ शकते आणि सर्व्हरकडे देण्यासाठी आहेत ९७. दुपारभर हे लक्षात येत नाही. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावर गाडीतून उतरून सभासद एकदम येतात, तेव्हा मात्र काही विनंत्या नाकारल्या जातात. अशा वेळी सर्व्हरची मर्यादा वाढवण्याचा मोह होतो. माझ्या मते आधी पुलाचे आकडे कमी करून पाहावेत, कारण एका छोट्या देवघेवीला प्रत्येक प्रक्रियेमागे ३ जोडण्या आणि २ जादा एवढ्या पुरतात.

प्रक्रिया आणि पूल यांचा आणखी एक संबंध आहे. वेब सर्व्हर मूळ प्रक्रियेत प्रोग्रॅम चढवून मग फोर्क करत असेल, म्हणजे त्या प्रक्रियेच्या प्रती काढत असेल, आणि फोर्कपूर्वीच एखादी जोडणी उघडलेली असेल, तर दोन प्रक्रिया एकाच सॉकेटवर बोलू लागतात व एकाच्या क्वेरीचे उत्तर दुसऱ्याला मिळू शकते. म्हणून बॅकएंड सुरू करणारे फंक्शन फोर्क झाल्यानंतर, प्रत्येक प्रक्रियेत बोलवावे. ते शक्य नसेल तर नव्या प्रक्रियेत डिस्पोज हे फंक्शन क्लोज हा पर्याय फॉल्स ठेवून चालवावे, म्हणजे मूळ प्रक्रियेच्या जोडण्या न तोडता नवा पूल मिळतो.

टेबले केव्हा तयार करावीत

क्रिएट_ऑल हे फंक्शन जी टेबले नाहीत तेवढीच तयार करते. असलेल्या टेबलात नवा स्तंभ वाढवणे त्याच्या कक्षेत येत नाही. शिवाय त्याला तीच टेबले माहीत असतात ज्यांची मॉड्यूले तोवर आयात झालेली आहेत. आयात राहून गेले तर ते काहीही न करता शांतपणे परत येते. पहिल्या दिवसासाठी आणि चाचण्यांसाठी ते ठीक आहे. खऱ्या वापरात मात्र ॲलेम्बिकसारखे स्थलांतराचे, म्हणजे टेबलांच्या रचनेत टप्प्याटप्प्याने बदल करणारे, साधन लावावे आणि ते प्रोग्रॅम सुरू होण्यापूर्वी वेगळ्या पायरीने चालवावे. आठही प्रक्रियांनी सुरू होताना क्रिएट_ऑल म्हटले तर टेबल नाही असे दोघींना एकाच वेळी दिसू शकते आणि मागे पडलेली प्रक्रिया टेबल आधीच आहे या चुकीने बंद पडते. पोस्टग्रेसमध्ये टेबलांतील बदल व्यवहाराचा (ट्रान्झॅक्शनचा) भाग असल्याने मध्येच चूक झाल्यास सगळे पूर्ववत होते. मायएसक्यूएलमध्ये तसे होत नाही, अर्धवट झालेले बदल तसेच राहतात. तिथे प्रत्येक स्थलांतर लहान ठेवावे आणि त्याआधी प्रत काढून ठेवावी.

सर्व्हर उशिरा उठला तर

पावसाळ्यात सखल भागात पाणी साचले की खबरदारी म्हणून वीज बंद केली जाते. ती परत आली की सर्व यंत्रे एकदम सुरू होतात आणि बऱ्याचदा डेटाबेस तयार होण्यापूर्वीच प्रोग्रॅम जोडणी मागतो. यासाठी सुरुवातीच्या तपासणीत ऑपरेशनलएरर आल्यास थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. थांबण्याचा काळ प्रत्येक वेळी दुप्पट करत न्यावा आणि एकूण मुदत साधारण एक मिनिट ठेवावी. मुदत ठेवणे आवश्यक आहे, कारण चुकलेल्या पासवर्डचीही चूक याच प्रकारात येते आणि ती कितीही थांबले तरी सुटत नाही. मुदत संपल्यावर प्रोग्रॅमने मूळ चूक लॉगमध्ये लिहून पूर्णपणे थांबावे. अर्धवट सुरू राहून प्रत्येक विनंतीला चूक दाखवणारा प्रोग्रॅम सुरू आहे असे देखरेखीच्या साधनांना वाटत राहते.

चाचण्यांसाठी एसक्यूलाइटचा स्मृतीतला डेटाबेस सोयीचा असतो, पण त्यात प्रत्येक जोडणीचा डेटाबेस स्वतंत्र असतो. एका धाग्यात (थ्रेडमध्ये) तयार केलेले टेबल दुसऱ्या धाग्यात दिसत नाही, म्हणून तिथे स्टॅटिकपूल हा पर्याय देऊन सर्वांना एकच जोडणी द्यावी आणि ड्रायव्हरची धागा तपासणी बंद करावी. देवघेवीचे नियम तपासण्यासाठी एवढे पुरते. क्रमवारी, परवानग्या, कालविभाग आणि कुलपे यांच्या चाचण्या मात्र ज्या पोस्टग्रेसवर वाचनालय प्रत्यक्ष चालणार आहे, त्याच्याच त्याच आवृत्तीवर चालवाव्यात आणि त्या चाचण्यांनीही इंजिन स्वतः तयार न करता तेच सुरुवातीचे फंक्शन बोलवावे.